चित्रालेख, स्तंभालेख आणि ‘अर्धा कोयता’ : गेवराई परिसराच्या संदर्भात प्राथमिक गणितातील आलेखवाचनाचा इतिहास

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील गणिताचा इतिहास लिहिला जातो तेव्हा अंकलेखन, पाढे, चार मूलभूत क्रिया आणि अपूर्णांक यांनाच त्यात मानाचे स्थान मिळते. चित्रालेख व स्तंभालेख यांचा उल्लेख झालाच तर एखाद्या ओळीत होतो. याचे कारण उघड आहे. हे घटक पाठ्यपुस्तकाच्या उत्तरार्धात येतात, परीक्षेत त्यांना मोजके गुण असतात आणि चित्रे मोजता आली म्हणजे घटक आला, अशी समजूत रूढ आहे. पाचवीच्या मुलाला त्यात अडण्यासारखे काही नाही, असे गृहीत धरून हा पाठ एक-दोन तासिकांत उरकला जातो.

ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. आलेखाचे वाचन म्हणजे चित्रांची मोजणी नव्हे. एक चित्र किती वस्तूंच्या जागी उभे आहे, ते प्रमाण कोणी ठरविले, मोजणी कोणत्या दिवशी झाली आणि मोजणीबाहेर कोण राहिले, हे प्रश्न विचारता येणे हा त्या वाचनाचा गाभा होय. अभ्यासक्रमात हा घटक ज्या वाटेने आला त्या वाटेवर हे प्रश्न मागे पडत गेले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. ते पडताळण्यासाठी गेवराई तालुक्याचा संदर्भ घेतला आहे.

बीड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोदावरीच्या दक्षिण तीरावर हा तालुका पसरलेला आहे. १७६३ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला ते राक्षसभुवन याच परिसरातील. सोलापूर-धुळे रस्ता तालुक्याच्या गावातून जातो. जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडे जातो. कालव्याखालील काही शिवार भिजले, पुष्कळसे कोरडवाहूच राहिले. कापूस, बाजरी, तूर ही येथील पिके; आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्या हे येथील दुसरे वास्तव. या भूमीत मोजण्याच्या तीन रीती एकमेकींवर साचलेल्या आढळतात : गावगाड्यातील मापे व पाढे, राज्यसंस्थेचे पट व तक्ते, आणि ऊसतोडीच्या व्यवहारातील एकके. चित्रालेख वाचणारे मूल या तिन्हींच्या मध्ये उभे असते.

प्रमाणाची जुनी शिकवण

पंतोजींच्या शाळेत आलेख नव्हता. धूळपाटीवर अंक गिरविणे, मोडी अक्षर वळविणे आणि संध्याकाळी एका सुरात पाढे म्हणणे हा त्या शिक्षणाचा क्रम. त्या शाळेवर पाठांतराचा ठपका ठेवला जातो आणि तो खोटाही नाही. परंतु कोणत्या गोष्टींचे पाठांतर होत असे याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तिसापर्यंतच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची रांगच असे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा तोंडपाठ करणाऱ्या मुलाला ‘साडेतीन चित्रे, प्रत्येक चित्र आठ पोत्यांचे’ हा प्रश्न अवघड गेला नसता. औटकीत त्याचे उत्तर अठ्ठावीस असे तयारच होते.

या पाढ्यांचा आधार बाजारात होता. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. कोळव्याच्या दुप्पट चिपटे, चिपट्याच्या दुप्पट मापटे, त्याच्या दुप्पट शेर, मग अधोली आणि पायली. मापांची नावे व वजने प्रदेशागणिक बदलत, पण अर्धे करीत उतरणे आणि दुप्पट करीत चढणे ही चाल सर्वत्र सारखीच होती. चित्रालेखातील अर्धे चित्र किंवा पाव चित्र समजण्यासाठी जी मानसिक तयारी लागते ती नेमकी हीच. रतीबाच्या दुधाचा हिशेब भिंतीवर ठिपके किंवा रेघा ओढून ठेवण्याची पद्धतही घरोघरी होती. एक ठिपका म्हणजे एक माप, हे ठरलेले असे. लिहिता न येणारी गृहिणी महिनाअखेरीस त्या ठिपक्यांवरून गवळ्याशी वाद घालू शकत असे. भिंतीवरचा हा हिशेब चित्रालेखच होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

गेवराईच्या लोकांना प्रमाणाची आणखी एक शिकवण राजकीय कारणाने मिळाली. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्याला हाली शिक्का म्हणत. सीमा ओलांडून नगरकडे, म्हणजे इंग्रजी मुलखात गेले की कलदार रुपया लागे. सात हाली बरोबर सहा कलदार हा हिशेब व्यापाऱ्यांच्या तोंडी असे. शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. म्हणजे ‘रुपया’ हे एकच नाव, पण सीमेच्या अल्याड-पल्याड त्याचा अर्थ वेगळा. चिन्ह तेच राहून त्याचे मोल बदलते, ही गोष्ट सीमेवरच्या बाजारात कोणालाही समजावून सांगावी लागत नसे.

राज्यसंस्थेचे तक्ते

आलेख मात्र या मुळांतून उगवला नाही. तो दुसरीकडून आला. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये लंडनमध्ये व्यापार व राज्यकारभारविषयक आलेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्कॉटलंडची आयात-निर्यात देशवार दाखविणारा स्तंभालेख आहे. तो आज स्तंभालेखाच्या आद्य नमुन्यांत गणला जातो. गंमत अशी की, खुद्द प्लेफेअरला हा आलेख दुय्यम वाटत होता. इंग्लंडच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे त्याच्याजवळ होते, म्हणून तेथे त्याने काळाबरोबर चढउतार दाखविणाऱ्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे हाती असल्याने त्याला स्तंभांवर भागवावे लागले. काळाचा पदर नसलेला आलेख कमी उपयोगाचा, अशी त्याची धारणा होती. स्तंभालेखाच्या जनकानेच नोंदविलेली ही उणीव पुढे शाळेत पोहोचली नाही.

चित्रालेखाचा इतिहास याहून वेगळा आणि अधिक जवळचा वाटणारा आहे. ऑटो न्यूराथ यांनी १९२५ मध्ये व्हिएन्ना शहरात समाज व अर्थव्यवस्था यांविषयीचे संग्रहालय उभारले. मरी रायडेमायस्टर आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्स हे त्यांचे प्रमुख सहकारी. आकड्यांच्या कोष्टकांची सवय नसलेल्या कामगारांना आपल्या शहरातील घरे, रोगराई, रोजगार यांची स्थिती समजावी, हा त्या संग्रहालयाचा हेतू होता. न्यूराथ यांचा मुख्य नियम साधा होता : संख्या मोठी असेल तर चित्र मोठे काढायचे नाही, तीच चित्रे अधिक संख्येने काढायची. माणसाचे चित्र दुप्पट उंच केले की ते रुंदीलाही दुप्पट होते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना चौपट भासते. म्हणून ही दक्षता. पुढे १९३० च्या दशकात ही पद्धती आयसोटाइप या नावाने ओळखली जाऊ लागली. आज पाचवीच्या पुस्तकात एकसारख्या आकाराच्या बाहुल्यांच्या रांगा दिसतात, त्यामागे हा विचार आहे. आकड्यांबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसाला आकड्यांत प्रवेश मिळवून देण्यासाठी निर्माण झालेले हे साधन होय, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात क्वचितच सांगितले जाते.

भारतात आलेखांचा वापर प्रथम राज्यकारभारात स्थिरावला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणना अहवालांत लोकसंख्येच्या आकृत्या दिसतात. पुढे नियोजनाच्या काळात पंचवार्षिक योजनांच्या प्रसिद्धीसाठी आलेख सर्रास वापरले गेले. शाळेत ते आले ते बहुधा भूगोलाच्या बोटाला धरून. पाऊस, पिके, लोकसंख्या यांचे स्तंभ भूगोलाच्या पानावर छापलेले असत आणि गणिताचा शिक्षक त्यांच्या वाटेला जात नसे. तिसरीच्या वर्गात मुलांना आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकविण्याची महाराष्ट्रातील प्रथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्या तालुक्याविषयीचा आकडा मूल प्रथम पाहते ते तेथे, गणिताच्या तासाला नव्हे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच धोरणाचे फळ. मुक्तीनंतर मराठवाड्यातील मराठी शाळांचा विस्तार सुरू झाला, पण मुंबई इलाख्यात जॉर्ज जर्व्हिस यांच्या काळापासून, म्हणजे १८२० च्या दशकापासून मराठी गणिती पुस्तकांची जी परंपरा घडत आली होती तिच्याशी या भागाचा संबंध उशिरा जुळला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे सोपविण्यात आल्या. याच काळात, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली.

दशमान पद्धतीचे फायदे वादातीत आहेत. तरीही तिने शाळेतून काय नेले याची नोंद करायला हवी. सोळा आणे गेले, चाळीस शेर गेले आणि त्यांच्यासोबत पावकी-निमकीची गरजही गेली. अंकलिप्यांत हे पाढे काही काळ छापले जात राहिले, परंतु वर्गातील त्यांचा सूर हळूहळू मावळला. पुढे ज्या वेळी चित्रालेख गणिताच्या पुस्तकात आला, त्या वेळी अर्धे चित्र, पाव चित्र आणि पाऊण चित्र वाचण्याची पाठांतरित शिदोरी मुलांजवळ उरली नव्हती. जुन्या शाळेत पाढे होते पण आलेख नव्हता. नव्या शाळेत आलेख आला तेव्हा ते पाढे नव्हते. दोन पिढ्यांमधील या चुकामुकीची दखल अभ्यासक्रमाच्या इतिहासात घेतली गेलेली नाही.

गणिताच्या पुस्तकात प्रवेश

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजेच बालभारतीची स्थापना झाली आणि गेवराईच्या तांड्यावरील शाळेत व मुंबईच्या महापालिका शाळेत एकच पुस्तक उघडले जाऊ लागले. मात्र आलेखवाचनाला प्राथमिक गणितात स्वतंत्र स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला. याचा एक ठोस पुरावा उपलब्ध आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नेमलेल्या दवे समितीने १९९१ मध्ये प्राथमिक स्तरासाठी किमान अध्ययन क्षमता निश्चित केल्या. गणिताची विभागणी तिने पाच क्षेत्रांत केली : पूर्ण संख्यांचे आकलन, संख्यांवरील क्रिया, पैसे, लांबी, वजन, वेळ इत्यादींची व्यवहारातील उदाहरणे, अपूर्णांक, दशांश व शेकडेवारी, आणि भौमितिक आकार. माहितीचे संकलन वा आलेखवाचन हे यांपैकी एकाही क्षेत्राचे नाव नाही. प्राथमिक शाळा सोडणाऱ्या मुलाला आलेख वाचता आलाच पाहिजे, असे १९९१ मध्ये देशाला वाटत नव्हते, असा याचा अर्थ होतो.

चित्र पालटले ते २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर. मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे ध्येय त्याने पुढे ठेवले आणि माहितीची हाताळणी हा प्राथमिक गणिताचा एक प्रवाह मानला. त्यानुसार तयार झालेल्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्तांना आलेखांवर स्वतंत्र पाठ आहे. चौथीच्या पुस्तकातील वर्तुळाकार आलेखाला तर चपातीचे नाव दिले आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये प्राथमिक अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली आणि त्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने नवी पुस्तके आली. २०१५ च्या पाचवीच्या पुस्तकात ‘चित्रालेख’ हा सोळांपैकी चौदावा पाठ आहे. सहावीच्या पुस्तकात स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख आणि आठवीत विभाजित व शतमान स्तंभालेख अशी पुढची चढण. ही रचना शिस्तीची आहे आणि परिभाषाही नेटकी आहे. ‘ताळ्याच्या खुणा’ हा शब्द तर खास मराठमोळा उतरला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत संख्याज्ञानातच माहितीच्या हाताळणीचा समावेश केला, त्यामुळे १९९१ मध्ये ज्याला जागाच नव्हती तो घटक तीस वर्षांत पहिली-दुसरीपर्यंत खाली उतरला.

तथापि घटक येणे आणि त्याचे वाचन येणे या भिन्न गोष्टी होत. अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेखाच्या आकलनावरील संशोधन प्रसिद्ध केले. आलेखातील आकडा वाचणे, आकड्यांमधील संबंध वाचणे आणि आकड्यांपलीकडचे वाचणे, अशा तीन पायऱ्या त्यांच्या मांडणीमुळे रूढ झाल्या. त्यांनी हा अभ्यास चौथी आणि सातवीच्या विद्यार्थ्यांवर केला होता. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षाही दीर्घकाळ चौथी आणि सातवीलाच होती, २०१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली; हा निव्वळ योगायोग, पण बोलका आहे. शिष्यवृत्तीच्या तयारीत आलेखावरचे प्रश्न ठरलेले असतात. सर्वांत जास्त कोणते? कोणापेक्षा किती कमी? एकूण किती? पहिल्या पायरीचे दोन प्रश्न, दुसऱ्या पायरीचा एखादा आणि तिसऱ्या पायरीवर सामसूम. चार पर्यायांतून एक निवडायचा असल्याने ‘चित्रांची संख्या गुणिले प्रमाण’ हे सूत्र पाठ झाले की काम भागते. पंतोजींच्या पाठांतरावर टीका करणाऱ्या शाळेने अशा रीतीने आलेखाचेही पाठांतर करून टाकले.

कोयता : एक प्रमाण

तिसऱ्या पायरीचे प्रश्न गेवराई परिसरात पुस्तकाबाहेर विखुरलेले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ वाढला. या व्यवहारात माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा-बायको. एकटा माणूस गेला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर ठरते, टोळी कोयत्यांनी सांगितली जाते आणि कारखान्याचा करारही त्याच हिशेबाने होतो.

चित्रालेखाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे प्रमाण दिलेले आहे : १ कोयता = २ माणसे. अर्धे चित्र म्हणजे एक माणूस. बारा कोयत्यांची टोळी म्हणजे चोवीस माणसे, साडेसात कोयते म्हणजे पंधरा. तांड्यावरचे किंवा वस्तीवरचे मूल हे गणित शाळेत येण्यापूर्वी ऐकून असते. पाचवीच्या पुस्तकातील ‘एक चित्र = दोन’ हे प्रमाण त्याला नवे नाही. नवे असेल ते एवढेच की, पुस्तकात कोयत्याऐवजी फुगे किंवा सायकली असतात.

परंतु कोयता हे एकक याहून अधिक काही शिकविते. जोडीबरोबर मुले जातात. मोठे मूल धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते, कधी मोळ्या बांधायला हात लावते. त्याचे काम कोयत्यात मिळालेले असते, त्याची गणना मात्र होत नाही. बाईचे कामही जोडीत विरघळून जाते आणि उचल बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती पडते. अर्ध्या कोयत्याला पूर्ण उचल नाही. मुलींची लग्ने लवकर होण्याशी या भागात त्या हिशेबाचा संबंध वारंवार जोडला गेला आहे. म्हणजे चित्र कसे निवडले यावर कोण दिसणार आणि कोण झाकले जाणार हे ठरते. न्यूराथ यांनी चित्रभाषा निर्माण केली ती झाकलेले उघडे करण्यासाठी. तशीच दिसणारी दुसरी चित्रभाषा झाकण्याचेही काम करू शकते, हे मुकादमाची वही दाखविते. एका चिन्हामागे किती माणसे उभी आहेत, या प्रश्नाचे उत्तर सूचीत छापलेले असते. किती माणसे त्याच्या आड उभी आहेत, याचे उत्तर छापलेले नसते.

तीस सप्टेंबर

मोजणीच्या दिवसाचा प्रश्नही याच परिसरात तीव्र होतो. शाळांची माहिती संकलित करणाऱ्या डायस या राष्ट्रीय प्रणालीत अनेक वर्षे ३० सप्टेंबर हा संदर्भदिनांक होता. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे ठरविणारी संचमान्यताही त्या दिवसाच्या पटावर अवलंबून असे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. त्या वर्षी विजयादशमी ६ ऑक्टोबरला होती. बोगस पटसंख्या शोधण्यासाठी ती मोहीम योग्यच होती. तथापि ऊसतोडीच्या पट्ट्यासाठी या दोन्ही तारखांचा एक परिणाम सारखाच होतो : टोळ्या दसरा-दिवाळीनंतर हलतात आणि मोजणी त्याआधी झालेली असते. त्या आकड्यांवरून काढलेल्या स्तंभालेखात तालुक्याचा स्तंभ पूर्ण उंचीचा दिसतो. त्यात लबाडी कोठेच नाही. मोजले ते खरे आहे; फक्त तो दिवस वर्षाचे प्रतिनिधित्व करीत नाही. स्तंभालेखात काळाचा पदर नसतो, ही प्लेफेअरची जुनी तक्रार येथे खरी ठरते.

हे वर्गात कसे उलगडता येईल यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका वर्गाचा पट २४ आहे. जून ते ऑक्टोबर सर्व मुले हजर आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल ११ मुले हजर आहेत. चित्रालेखासाठी एक चित्र = ४ मुले असे प्रमाण घेतले तर सप्टेंबरसमोर सहा चित्रे येतील. डिसेंबरसमोर किती? पावणेतीन. पाऊणकी येणारे आजोबा ‘पावणेतीन चोक अकरा’ म्हणून मोकळे होतील. पण फळ्यावर पाऊण माणूस काढणे अवघड, म्हणून सोय पाहून तीन चित्रे काढली तर बारा मुले होतात, म्हणजे गावात नसलेले एक मूल वर्गात येऊन बसते. अडीच चित्रे काढली तर दहा होतात आणि वर्गात बसलेले एक मूल पुसले जाते. हा चुकीचा नव्हे, प्रमाण निवडण्याचा प्रश्न आहे. एक चित्र = १ मूल घेतले असते तर तो उद्भवलाच नसता, पण चोवीस चित्रे काढायला जागा आणि वेळ लागला असता. प्रत्येक प्रमाण काहीतरी देऊन काहीतरी घेते, हे पाचवीच्या मुलाला कळू शकते.

याच वर्गाची वार्षिक सरासरी काढून पाहावी. पाच महिने २४ आणि सहा महिने ११ म्हणजे बेरीज १८६. अकरा महिन्यांची सरासरी जवळपास १७. हा आकडा अहवालात जातो, त्याचा स्तंभ निघतो, तो शेजारच्या शाळेच्या स्तंभाशी ताडून पाहिला जातो. पण या वर्गात सतरा मुले एकाही महिन्यात नव्हती. सरासरीचा स्तंभ अशा वर्गाचे चित्र उभे करतो जो कधी भरलाच नाही. उलट, सातवीत शिकविला जाणारा जोडस्तंभालेख येथे उत्तम काम देतो. एक स्तंभ पटाचा, दुसरा हजेरीचा. पटाचे स्तंभ अकराही महिने चोवीसवर ताठ उभे राहतात, कारण नाव पटावरून कमी करता येत नाही. त्यांच्या शेजारचे हजेरीचे स्तंभ नोव्हेंबरात एकदम खचतात. दोन स्तंभांमधील ती मोकळी जागा हेच या आलेखाचे वाचन. पुस्तकातील जोडस्तंभालेख सहसा दोन शाळांतील वृक्षारोपण किंवा दोन वर्षांचे उत्पादन दाखवितो. प्रत्येक वर्गाच्या कपाटात असलेले हजेरीपत्रक त्यासाठी कोणी उघडत नाही, हे आश्चर्य आहे. कदाचित आश्चर्य नसेलही. तो आलेख भिंतीवर लावला तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर त्याचे स्पष्टीकरण शिक्षकालाच द्यावे लागेल.

जोडस्तंभालेखातील ही मोकळी जागा भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या गेल्या. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये अमलात आल्यानंतर मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांवर भर देण्यात आला. कोठे आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय करण्यात आली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि ते दाखवून त्याला कोणत्याही शाळेत प्रवेश मिळावा, अशीही व्यवस्था करण्यात आली. आलेखाच्या दृष्टीने या प्रत्येक उपायाबरोबर एक नवा प्रश्न निर्माण होतो. साखरशाळेतील मूल कोणत्या जिल्ह्याच्या स्तंभात धरायचे? हमी पत्रक घेऊन गेलेले मूल दोन्ही शाळांच्या पटावर असेल तर राज्याच्या बेरजेत ते एकदा येते की दोनदा? पत्रक पेटीत राहिले आणि मूल फडातच थांबले, तर ते कोठे येते? हे प्रश्न सातवीच्या गणितापलीकडचे नाहीत; त्यांना लागणारी क्रिया बेरीज आणि वजाबाकी एवढीच आहे.

टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. परत आलेले मूल पुन्हा वर्गात बसते, हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे पुन्हा खूण होऊ लागते. साडेसात कोयत्यांची माणसे किती, हे त्याला न विचारता सांगता येते. २०१५ च्या पुस्तकाच्या क्रमाने शिकविणाऱ्या पाचवीच्या वर्गात तोवर चौदावा पाठ सहसा होऊन गेलेला असतो.